रस्त्यावरची वस्तू गाडीला लागली, तर गाडी तपासून घ्यायची की नाही? महामार्गावर नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घोटीचा टोलनाका ओलांडून रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही नाशिककडे येत होतो. वाडीवऱ्हे यायच्या थोडे आधी पुढच्या ट्रकच्या मागून रस्त्यावर काहीतरी काळे आडवे पडलेले दिसले आणि काही करायच्या आत ते आमच्या गाडीखाली गेले. आधी पुढच्या बाजूला धप्प असा आवाज झाला, मग पायाखालून काहीतरी घासत मागे निघून गेले. ट्रकच्या रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेल्या) टायरचा सुटलेला पट्टा होता तो. गाडी नीट चालत होती, डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागला नव्हता, मागच्या सीटवर मुलगी गाढ झोपली होती. म्हणून मी थांबलो नाही. इंदिरानगरला घरी पोहोचल्यावर बंपरवर बोटभर ओरखडा दिसला, तेवढ्यावर निभावले असे मानून मी गाडीवर कव्हर घातले.

तिसऱ्या दिवशी सिन्नरला जाताना मोहदरी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद केली आणि उचलून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने ती रॅम्पवर चढवून इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे कव्हर सोडवायला घेतले, तेव्हा दोन स्क्रू निघताच कव्हरच्या कडेवरून काळे ऑइल त्याच्या मनगटापर्यंत ओघळले. चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याला, ड्रेन बोल्टच्या शेजारी, नख फिरवल्यावर जाणवेल इतकी बारीक चीर गेली होती. तीन दिवस ऑइल गळत होते, पण बहुतेक सगळे त्या कव्हरमध्येच साचत राहिले. पार्किंगच्या फरशीवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग मात्र पडला होता. तो मला दिसला होता आणि शेजारच्या गाडीचा असेल असे मी गृहीत धरले होते.

त्यानंतर या विषयात मिस्त्री, टायरवाले आणि विम्याची कामे करणारे यांच्याकडून जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहीत आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आवाज किती मोठा झाला किंवा ओरखडा केवढा पडला, यावरून तपासणीचा निर्णय घेऊ नका. वस्तू गाडीच्या कोणत्या जागी लागली आणि त्या जागेच्या मागे काय आहे, यावरून घ्या. बोनेटवर आदळलेला दगड कानठळ्या बसवतो आणि केवळ रंग उडवून जातो, तर खालून लागलेल्या लोखंडी तुकड्याचा आवाज गाण्याच्या आवाजात विरूनही जाऊ शकतो.

१. धडक बसते त्या क्षणी

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर पडलेली वस्तू दिसून मेंदूने ती काय आहे हे ओळखेपर्यंत तुम्ही तिच्यावर पोहोचलेले असता. अशा वेळी स्टिअरिंग झटक्याने वळवणे हे त्या वस्तूवरून जाण्यापेक्षा बहुतेकदा जास्त धोक्याचे असते, कारण शेजारच्या लेनमध्ये कोण आहे हे पाहायला सवडच मिळालेली नसते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि मागचे वाहन जवळ असेल तर जोरात ब्रेक मारू नका.

वस्तू लागून गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात चार गोष्टींकडे लक्ष द्या: डॅशबोर्डवर नवा दिवा लागला का, स्टिअरिंग एका बाजूला ओढते का किंवा थरथरते का, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाते का, आणि खालून काही घासल्याचा किंवा फरफटल्याचा आवाज सुरू आहे का. यांपैकी एकही गोष्ट जाणवली, तर पुढची सुरक्षित जागा मिळताच थांबायचे. ऑइलचा लाल दिवा मात्र याला अपवाद आहे. तो लागला की पेट्रोल पंप दोन किलोमीटरवर आहे असा विचार न करता गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा, कारण ऑइलचा दाब नसताना इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे चढत असेल तरीही हेच करा.

काहीही जाणवले नाही, तरी माझ्यासारखे थेट घर गाठू नका. पुढचा पेट्रोल पंप, ढाबा किंवा उजेड असलेली मोकळी जागा पाहून थांबा. मुंबईकडून येताना कसारा घाटात आणि वळणावर थांबणे टाळा; गाडी चालण्यासारखी असेल तर घाट चढून इगतपुरीच्या बाजूला मोकळ्या जागेत या. समृद्धी महामार्गावर तर नाइलाज असल्याशिवाय कडेला थांबूच नये. थांबावेच लागले तर चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर ठेवा आणि सगळ्यांना रस्त्याच्या बाजूने न उतरवता कठड्यापलीकडे उभे करा. वस्तू अजून रस्त्यातच पडलेली असेल, तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर जागा कळवा, कोणी जखमी असेल तर ११२ वर फोन करा. ती वस्तू उचलायला स्वतः रस्त्यात जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण दुसऱ्याला वाचवण्याच्या चांगल्या हेतूने माणसे अंधारात धावत रस्त्यात जातात आणि मागून येणाऱ्या चालकाला ती दिसतच नाहीत.

२. काय लागले आणि कुठे लागले, ते लगेच नोंदवा

आठवण फार लवकर पुसट होते. थांबल्याबरोबर मोबाइलवर चार ओळी लिहा किंवा आवाज रेकॉर्ड करा: वेळ, जागा, वेग अंदाजे किती होता, वस्तू कशी दिसली, आवाज पुढून आला की खालून की चाकातून. शेजारी बसलेल्या माणसालाही विचारा; चालकाला जे ऐकू येत नाही ते डाव्या बाजूला बसलेल्याला बऱ्याचदा नीट कळलेले असते. मिस्त्रीला नेमके कुठे पाहायचे ते या नोंदीवरून सांगता येते आणि विम्याच्या वेळीही तिचाच आधार होतो.

आपल्या भागात रस्त्यावर ज्या वस्तू सापडतात, त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. टायरचा पट्टा दिसायला मऊ असतो, पण त्यात तारा असतात आणि चाकाखाली सापडला की तो उसळून खालचे कव्हर, पाइप आणि वायरिंग यांना फटके मारतो. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेले दगड चालक तसेच टाकून निघून जातात. असा दगड चेंबरसाठी किंवा रिमसाठी सर्वांत वाईट. डंपरमधून सांडलेली खडी बहुतेक वेळा काच आणि रंग यांच्यावर भागते. सिंहस्थाच्या तयारीची रस्त्यांची कामे सुरू असल्याने शहराच्या कडेला सळयांचे तुकडे आणि खिळे यांच्याकडेही विशेष लक्ष ठेवावे लागते. सळईचा तुकडा टायर फाडतोच, शिवाय उसळून गाडीच्या तळाच्या पत्र्यातही घुसू शकतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला हंगामात टोमॅटोचे रिकामे क्रेट रस्त्यावर पडलेले दिसतात. क्रेट हलका असतो, बंपरला लागून फुटतोही, पण त्याचा तुकडा खाली अडकून राहिला तर चाकाला किंवा ब्रेकच्या होजला (रबरी नळीला) घासत राहतो.

कांद्याच्या गोण्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाबद्दल वेगळे सांगायला हवे. गोणीने काही तुटत नाही, म्हणून तिच्यावरून गाडी गेली याची कोणी दखलच घेत नाही. परंतु ती सायलेन्सरच्या गरम पाइपला चिकटली तर जळू लागते आणि ड्राइव्ह शाफ्टला (चाके फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळली तर शाफ्टचा रबरी बूट फाडते. गोणीवरून किंवा कागदावरून गेल्यानंतर जळका वास आला तर थांबून खाली पाहिलेच पाहिजे.

३. थांबल्यावर पाच मिनिटांची पाहणी

यासाठी लागणारे सामान गाडीत कायम ठेवा: टॉर्च, हातमोजे, टायरमधील हवा मोजण्याचा लहान गेज, जुना पुठ्ठा, लाल त्रिकोण आणि एक फडके.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करा. आधी चारही टायर पाहा. टायरची बाजूची भिंत हाताने चाचपा; तिथे फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत असे समजा, त्यात हवा पूर्ण असली तरी तो टायर केव्हाही फुटू शकतो, म्हणून तिथल्या तिथे स्टेपनी लावा. रिमची कड वाकली आहे का तेही पाहा. त्यानंतर पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. जाळीच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर असतो; दोन्हींच्या नळ्या आणि पट्ट्या पातळ ॲल्युमिनियमच्या असल्याने लहानसा दगडही त्यांना भोक पाडू शकतो. ओलसर, तेलकट डाग दिसला किंवा पट्ट्या एका जागी आत दबलेल्या दिसल्या तर त्याचा फोटो घ्या. रेडिएटर गरम असताना त्याचे झाकण उघडू नका, आतले पाणी वाफेसह उसळून चेहरा भाजतो.

खाली पाहण्यासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नसते. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, फ्लॅश लावा आणि हात लांब करून मोबाइल चारही बाजूंनी आत फिरवा; मग सावकाश उभे राहून तो व्हिडिओ पाहा. लोंबणारे कव्हर, ओला भाग, ताजा चमकणारा ओरखडा, अडकलेला तुकडा असे सगळे त्यात दिसते. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली मुळीच जाऊ नका. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो, मातीत किंवा उतारावर तो सहज निसटतो.

लोंबणारे प्लॅस्टिकचे कव्हर दोरीने किंवा केबल टायने तात्पुरते बांधून हळू वेगाने पुढे जाता येते. तार किंवा लोखंडाचा तुकडा टायरमध्ये घुसलेला असेल, तर मात्र तो उपटू नका. हवा धरून असेल तर तसेच हळू जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा, नाहीतर चाक बदला.

४. जमिनीवर काय गळते आहे, ते ओळखा

नवख्या चालकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. एसी चालू असेल तर गाडीखाली डावीकडे स्वच्छ पाणी ठिबकते. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि ते बोटाला तेलकट लागत नाही. ते अगदी साधे आहे, त्याची चिंता करू नका. बाकी प्रत्येक थेंबाची चिंता करा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे आणि चिकट असते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी) हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे असते आणि त्याला गोडसर वास येतो. ते विषारी असल्याने मुले व पाळीव प्राणी त्यापासून दूर ठेवा. ब्रेक ऑइल फिकट पिवळे, पातळ आणि अतिशय बुळबुळीत असते, आणि ते चाकाच्या आतल्या बाजूला दिसले तर गाडी एक फूटही पुढे नेऊ नका. पेट्रोलचा वास सगळ्यांना ओळखता येतो. तो आला की इंजिन बंद, सगळे बाहेर, आणि जवळपास कोणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नका.

घरी आल्यावर रात्रभर इंजिनाखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि पुढच्या चाकांची जागा खडूने आखा, म्हणजे सकाळी डाग पुठ्ठ्यावर नेमका कुठे पडला यावरून तो कोणत्या भागातून आला याचा अंदाज येतो. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा घाला आणि ऑइलची पातळी पाहा. कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. सलग तीन दिवस हे करा. माझ्या गाडीच्या कव्हरने ऑइल कसे झाकून ठेवले होते ते वर सांगितलेच आहे, म्हणून पुठ्ठा कोरडा आहे एवढ्यावर विसंबू नका; डिपस्टिकवरची घटलेली पातळी कव्हरमुळे लपत नाही.

५. आता निर्णय: तीनपैकी तुमची गाडी कोणत्या गटात येते?

*गाडी चालवू नका, उचलून न्या.* ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला आहे; ब्रेकचे पेडल मऊ झाले आहे; स्टिअरिंग जड झाले आहे किंवा गाडी जोरात एका बाजूला ओढते आहे; इंधनाचा अथवा गॅसचा वास येतो आहे; एसीच्या पाण्याखेरीज काहीही धारेने गळते आहे; चाकातून धातू घासल्याचा आवाज येतो आहे; धूर निघतो आहे. यांपैकी कोणतीही एक खूण पुरेशी आहे. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये रस्त्यावरच्या मदतीची सोय जोडलेली असते, तिचा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. ओळखीच्या कोणीतरी दोरीने ओढत न्यायला सुचवले तर ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत ठाम नकार द्या, त्याने गिअरबॉक्स खराब होऊ शकतो.

*काही जाणवत नसले तरी दुसऱ्या दिवशी रॅम्पवर चढवून पाहा.* दगड, लोखंड, लाकडाचा ठोकळा किंवा टायरचा पट्टा खालून गेला असेल. वस्तू वेगात चाकावर आदळली असेल. पुढच्या जाळीच्या खालच्या भागात काही घुसले असेल. किंवा धडकेनंतर पूर्वी नसलेला लहानसा आवाज, थरथर वा वास सुरू झाला असेल. माझ्या मते या गटात शंकेला जागाच ठेवू नये. रॅम्पवरची पाहणी काहीशे रुपयांत आणि अर्ध्या तासात होते, जाम झालेले इंजिन उघडायला लागले तर खर्च अनेक हजारांत जातो आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये राहते.

*घरची पाहणी पुरे.* खडीने बोनेटचा रंग उडाला, रिकामा क्रेट बंपरला लागून बाजूला उडाला, पुठ्ठ्याचे खोके किंवा झाडाची बारीक फांदी खालून गेली आणि व्हिडिओत काही अडकलेले नाही. अशा वेळी तीन दिवस डिपस्टिक आणि पुठ्ठ्यावर नजर ठेवा. रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वी तेवढ्या जागी टचअप लावून घ्या.

दोन गटांच्या मध्ये अडकलात, तर वरच्या गटाप्रमाणे वागा.

गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात असेल तर सकाळी कमी वर्दळीच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून पाहावी. आधी २० च्या वेगाने ब्रेक दाबून पाहा आणि ते ठीक असतील तरच वेग वाढवा. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध आहे का आणि ते किंचित सैल धरल्यावर गाडी सरळ जाते का ते बघा. ६० ते ८० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरू लागले तर रिम वाकली आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे. स्टिअरिंग वाकडे धरल्यावरच गाडी सरळ जात असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा) हलली आहे, आणि चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म किंवा ते वळवणारा टायरॉड वाकला नाही याची खात्री झाल्याशिवाय नुसते अलाइनमेंट करून घेण्यात अर्थ नाही.

६. सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या

सीएनजीचे सिलिंडर डिकीत असले तरी तिथून इंजिनापर्यंत जाणारा पाइप गाडीच्या पोटाखालून जातो आणि त्यात सुमारे २०० बार इतका दाब असतो. खालून काही लागले आणि गॅसचा वास आला, तर इंजिन बंद करा, सिलिंडरजवळचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, डिकी आणि दारे उघडी ठेवून दूर उभे राहा आणि तिथूनच फोन करा. वास आला नाही तरी पाइपवर ओरखडा किंवा दबलेली जागा दिसली, तर सीएनजीचे काम करणाऱ्या अधिकृत केंद्रात दाखवल्याशिवाय गॅसवर गाडी चालवू नका. पाइप हातोडीने सरळ करून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

विजेवरच्या गाडीची बॅटरी गाडीच्या तळाशी पसरलेली असते, त्यामुळे इतर गाड्यांमध्ये साधा मानला जाणारा खालचा फटका इथे गंभीर ठरू शकतो. बॅटरीच्या आवरणाला खोलगट डेंट पडला असेल, इशारा दिसत असेल, गोडसर किंवा रासायनिक वास येत असेल, तर गाडी चार्जिंगला लावू नका, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका, मोकळ्या जागेत इतर गाड्यांपासून लांब उभी करा आणि कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा. फटक्याने बिघडलेली बॅटरी काही तासांनी किंवा दिवसांनीही पेट घेऊ शकते. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका; त्या उच्च विद्युतदाबाच्या असतात.

७. काचेला खडा लागला असेल तर

पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते, म्हणून ती तडकली तरी अंगावर कोसळत नाही. पण लहानसा टवका तसाच राहिला तर उन्हात तापून आणि एसीने थंड होऊन त्याची रेघ वाढत जाते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ती एका दुपारीतही लांबू शकते. टवक्यावर स्वच्छ पारदर्शक टेप लावा म्हणजे आत धूळ आणि पाणी जाणार नाही, तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका, आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडू नका. रुपयाच्या नाण्याएवढा टवका काचेच्या कडेपासून दूर आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून तो बुजवता येतो. रेघ लांब गेली असेल किंवा नजरेसमोर असेल तर काच बदलावी लागते. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवून द्यायला सांगा, कारण तो किंचित हलला तरी लेनचा आणि ब्रेकचा इशारा चुकू शकतो.

८. गॅरेजमध्ये काय सांगायचे

नुसते 'गाडी तपासा' असे सांगितले की सर्व्हिसिंग होऊन गाडी परत येते. त्याऐवजी तुमची नोंद दाखवा आणि म्हणा, 'खालून अमुक वस्तू गेली आहे. इंजिनाखालचे कव्हर काढून चेंबर, ऑइल फिल्टर, गिअरबॉक्स, ब्रेकच्या आणि इंधनाच्या लाइनी, शाफ्टचे बूट, लोअर आर्म, सायलेन्सर आणि त्याचे उष्णतारोधक पत्रे पाहा.' कव्हर काढून, हे शब्द मुद्दाम वापरा. कव्हर न काढता केलेली पाहणी माझ्या गाडीत निरुपयोगी ठरली असती. गाडी रॅम्पवर असताना तिथे हजर राहा आणि प्रत्येक बिघडलेल्या भागाचा फोटो स्वतः काढा. ताजा मार असलेली जागा चकचकीत असते, जुनी जागा गंजलेली किंवा मातीने भरलेली असते. एवढा फरक कळला तरी जुन्या दुरुस्त्या नव्या बिलात येत नाहीत. चेंबर वेल्डिंग करायचा की बदलायचा, हा प्रश्न येईल. लोखंडी चेंबरचे वेल्डिंग टिकते, ॲल्युमिनियमच्या चेंबरवरचे वेल्डिंग करणारा खरोखर कुशल हवा. मी बदलून घेतला.

९. विमा: दुरुस्तीच्या आधी कळवा

ही पायरी मी चुकवली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आपल्या गाडीचे नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर रस्त्यावरच्या वस्तूने झालेले अपघाती नुकसान त्यात बसते. घटना घडली त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि सर्वेक्षकाने गाडी पाहिल्याशिवाय किंवा कंपनीने लेखी संमती दिल्याशिवाय काहीही सोडवू, जोडू किंवा बदलू नका. मला विमा कंपनीकडून विचारण्यात आले की रविवारी वस्तू लागली तर बुधवारपर्यंत गाडी का चालवली. या प्रश्नामागे नियम आहे. धडकेने चेंबर फुटला हे अपघाती नुकसान. पण ऑइल गळत असताना गाडी चालवत राहिल्याने इंजिन जाम झाले, तर ते त्यानंतरचे नुकसान मानले जाते आणि इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतलेली नसेल तर बहुधा नाकारले जाते. मी दिवा लागताच इंजिन बंद केले म्हणून माझा प्रश्न चेंबरपुरताच राहिला.

दावा करणे परवडते का, याचाही हिशेब करा. खासगी मोटारीसाठी १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा जोड) नसेल तर रबर, प्लॅस्टिक आणि टायर यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो; काचेवर घसारा लागत नाही. गाडीला इतर काही न होता फक्त टायर फाटला तर साध्या पॉलिसीत तो मिळत नाही. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पहिल्या दाव्याविना वर्षाला २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असू शकतो. लहान दुरुस्ती असेल आणि बोनस मोठा असेल, तर स्वतः पैसे भरणेच स्वस्त पडते.

वस्तू एखाद्या पुढच्या वाहनातून पडली आणि त्याचा क्रमांक दिसला असेल तर तो नोंदवा, डॅशकॅमचे चित्रण त्याच दिवशी वेगळे साठवा नाहीतर ते नव्या चित्रणाखाली पुसले जाते. कोणी जखमी झाले असेल किंवा दुसऱ्याचे नुकसान झाले असेल तर पोलिसांना कळवणे आवश्यक आहे.

दाव्यासाठी ही कागदपत्रे एकत्र ठेवा:

- गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि चालू विमा पॉलिसी
- त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचा वाहन परवाना
- पीयूसी प्रमाणपत्र
- भरलेला दाव्याचा अर्ज, आधार व पॅनची प्रत, बँक खात्याचा तपशील
- गाडीचे, नुकसानीचे आणि शक्य असल्यास त्या वस्तूचे फोटो
- गॅरेजचे खर्चाचे अंदाजपत्रक, आणि नंतर बिल व पावती
- फास्टॅगचा टोल कापल्याचा संदेश

शेवटची गोष्ट कोणी सांगत नाही, पण तिचा मला उपयोग झाला. घोटीच्या नाक्यावर टोल कापल्याचा संदेश रात्रीच्या नेमक्या वेळेसह मोबाइलमध्ये होता आणि मी त्या रात्री त्या रस्त्यावर होतो हे त्यावरून दिसले.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना डिपस्टिक तिथेच पाहा, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून कव्हर बसवण्यापूर्वी चेंबरच्या सांध्यावर हात फिरवा, आणि घरी त्या रात्री पुन्हा एकदा पुठ्ठा पसरा.